गाणं समाजाचं, पण लिहिलं कुणी?

पत्राचा सारांश: नाशिक जिल्ह्यातल्या एका गावातून एका शिक्षिकेनं लिहिलं आहे. त्यांचे वडील, आप्पा, ७३ वर्षांचे आहेत. तरुणपणापासून भीमगीतं, बुद्धगीतं, हुंड्यावरची-दारूवरची गाणी लिहीत आले आणि स्वतःची गायन पार्टी काढून गावोगाव गायले. पोटासाठी साखर कारखान्यात हंगामी काम केलं. आता दम पुरत नाही म्हणून गाणं बंद आहे. साडेचारशेच्या आसपास गाणी पत्र्याच्या पेटीत, वह्यांमध्ये पडून आहेत. गेल्या एप्रिलमध्ये पत्रलेखिकेला यूट्यूबवर आप्पांचं एक गाणं सापडलं. लाखो लोकांनी ते ऐकलं आहे. गायक दुसऱ्या जिल्ह्यातला, तरुण. गीत, संगीत, गायन या तिन्हींपुढे त्याचंच नाव. धाकटा भाऊ म्हणतो, वकिलाची नोटीस धाडू. आप्पा म्हणतात, "गाणं समाजाचं असतं, भांडू नका." त्यातच ओळखीच्या एका रेकॉर्डिंगवाल्यानं सगळ्या वह्या "सर्व हक्कांसह" ५१,००० रुपयांना मागितल्या आहेत. स्टॅम्प पेपर तयार आहे, आणि आप्पांच्या औषधांचा खर्च दर महिन्याला डोक्यावर आहे. त्या लिहितात: "आप्पांना व्यवहार कळला नाही म्हणून आयुष्यभर लोकांनी फायदा घेतला. आता मी भावाचं ऐकू, आप्पांचं ऐकू, की पैसे घेऊन मोकळी होऊ?"

ताई, सप्रेम जय भीम.

तुमचा राग रास्त आहे, हे आधी सांगते. पण पत्रात जाता जाता तुम्ही एक ओळ लिहून गेलात, तिच्यापाशी मी थांबले. तुम्ही आप्पांना मोबाईलवर ते गाणं ऐकवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "शेवटचं कडवं गाळलंय." त्यावर तुम्ही लिहिता, एवढी चोरी झाली आणि ह्यांना कडव्याचं पडलंय.

मला वाटतं, त्यांची तक्रार तीच होती आणि पुरती होती. तुम्ही वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवलात, म्हणून मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. वहीत चार कडवी आहेत. वर कोपऱ्यात चाल लिहिलेली आहे. चौथ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीत आप्पांचं नाव आहे, यमकात असं चपखल बसवलेलं की ते काढलं तर ओळच मोडावी. यूट्यूबवरचं गाणं तिसऱ्या कडव्यानंतर धृपदावर येऊन संपतं. म्हणजे त्यांचं नाव नुसतं व्हिडिओखालच्या मजकुरातून गेलेलं नाही, ते गाण्यातून कापलं गेलं आहे. तुम्ही नाव शोधलंत खालच्या अक्षरांत. आप्पांनी ते शोधलं गाण्यात, कारण त्यांनी ते तिथे ठेवलं होतं.

ही रीत फार जुनी आहे. नामा म्हणे, जनी म्हणे, चोखा म्हणे. ज्यांची नोंद कुठल्या राजाच्या, कुठल्या देवळाच्या दप्तरात होण्याची शक्यता नव्हती, त्यांनी आपली नोंद अभंगाच्या शेवटच्या चरणात केली. सोयराबाईंनी तर "चोख्याची महारी" असं लिहून नवऱ्याचं नाव आणि जात दोन्ही तिथे रोवून ठेवलं. शाहिरांनी हेच पुढे चालवलं. होनाजी शिलारखाने कवनं रचत आणि त्यांचे साथीदार बाळा करंजकर ती गात. लावणीच्या शेवटी नाव येतं ते "होनाजी बाळा", लिहिणारा आणि गाणारा दोघांचं एकत्र. पेशवाईच्या अखेरीला हा प्रश्न त्यांनी किती सरळपणे सोडवला होता बघा. गाणं कुणीही उचलावं, कुठेही न्यावं, पण जो नेईल त्यानं नावासकट न्यावं. छापखाना नसताना, कायदा नसताना ही व्यवस्था चालली, कारण गाणारे शेवटचं कडवं गात होते. आज तीन-चार मिनिटांच्या आत गाणं बसवायचं म्हणून सगळ्यात आधी तेच कडवं कापतात. पुष्कळदा त्यामागे चोरीचा विचारही नसतो, पण नाव जायचं ते जातंच.

आप्पा वामनदादा कर्डकांना गुरू मानतात, असं तुम्ही लिहिलंय. मग त्यांच्याकडेच वळू. वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२चा, तुमच्याच जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईत कष्टाची कामं करणारा हा माणूस मोठा होईपर्यंत निरक्षर होता. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितलं आणि वाचता येईना, त्या लाजेतून ते अक्षरं शिकले. १९४३ साली त्यांनी पहिलं गाणं केलं, तेही हिंदी गाण्याच्या चालीवरचं विडंबन. तिथून २००४ मध्ये जाईपर्यंत हजारो गाणी. ज्या वस्तीत मुक्काम, तिथे गाणं. मागेल त्या गायकाला गाणं लिहून द्यायचं. काही संग्रह त्यांच्या हयातीत निघाले, पण पुष्कळ गाणी गावोगाव, गायकांच्या वह्यांमध्ये, लोकांच्या तोंडी विखुरली. ती गोळा करण्याचं काम त्यांच्या मागे अभ्यासकांना करावं लागलं. आणि एखादं गाणं वामनदादांचंच, हे ओळखायची पहिली खूण कोणती? शेवटच्या कडव्यातला "वामन".

त्यांनी गाणी वाटली, नाव वाटलं नाही. आप्पांचं "गाणं समाजाचं" आणि आप्पांचं "कडवं गाळलंय" ही दोन वाक्यं तुम्हाला एकमेकांविरुद्ध वाटतात. मला ती एकाच माणसाची, नीट जुळणारी वाटतात.

म्हणून तुमच्या एका गृहीताबद्दल बोलायला हवं. "आप्पांना व्यवहार कळला नाही", असं तुम्ही लिहिता. खरंच कळला नाही, की त्यांनी वेगळा व्यवहार निवडला? चाळीस वर्षं पार्टी चालवणारा माणूस कार्यक्रमाची सुपारी ठरवतो, गाडीभाडं काढतो, ढोलकीवाला, पेटीवाला, कोरस यांची बिदागी चुकती करतो, पाऊस आला आणि कार्यक्रम मोडला तर आयोजकाशी बोलून निदान जाण्यायेण्याचे पैसे सोडवून आणतो. त्याला व्यवहार कळत नाही असं कसं म्हणायचं? गाण्यांच्या बाबतीत त्यांना हवं होतं ते हे, की ती १४ एप्रिलला वस्तीवस्तीत वाजावीत. ते त्यांना मिळालं. तुम्ही आता त्यांच्या आयुष्याचा ताळेबंद मांडता आहात, आणि तो मांडताना ही जमेची बाजू सोडू नका, एवढंच माझं म्हणणं. "लोकांनी तुम्हाला फसवलं" हे लेकीच्या तोंडून ऐकताना ७३ व्या वर्षी माणसाला आपलं सगळं आयुष्यच चुकलं असं वाटू शकतं.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती मी झाकणार नाही. समाज गाणं डोक्यावर घेतो आणि गाणाऱ्याला विसरतो, हे आपल्याकडे फार वेळा झालं आहे. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जातीचा आणि घराचा मान सोडून तमाशाच्या फडात आले. तमाशातल्या नर्तकी पवळा यांच्याबरोबर त्यांनी फड गाजवले. १९४५ मध्ये पुण्यात ते गेले तेव्हा हलाखीत होते. अण्णाभाऊ साठ्यांच्या छक्कडीनं, म्हणजे लावणीच्या ढंगातल्या गाण्यानं, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा पेटल्या, आणि ते स्वतः घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिले; १९६९ मध्ये, पन्नाशीही न गाठता गेले. तेव्हा "गाणं समाजाचं" म्हणून आप्पांनी औषधावाचून राहावं, हे मला मान्य नाही. फक्त औषधाचा प्रश्न आणि नावाचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते एकाच नोटिशीत किंवा एकाच स्टॅम्प पेपरवर सुटणार नाहीत.

आधी भावाच्या नोटिशीबद्दल. तो गायक चोर आहे असं तुम्ही दोघं धरून चालला आहात. असेलही. पण भीमगीतं कशी पसरतात ते आठवा. एका गायकानं दुसऱ्याकडून उतरवून घेतलं, त्याच्या कोरसमधल्या मुलानं पुढे स्वतःची पार्टी काढली, तिथून तिसऱ्यानं जुन्या कॅसेटवरून ऐकलं. शेवटचं कडवं वाटेत कुठे गळलं, हे त्या मुलाला ठाऊकही नसेल. "पारंपरिक आहे" असं समजून त्यानं स्वतःचं नाव टाकलं असेल. ते चूकच आहे, पण त्याची दुरुस्ती फोनवर होऊ शकते.

आणि चाल? वहीच्या त्या पानावर आप्पांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की चाल एका हिंदी सिनेमातल्या गाण्याची आहे. त्या संगीतकाराचं नाव आप्पांनी स्टेजवरून कधी घेतलं होतं का? बहुतेक नसेल, त्या काळी कुणीच घेत नव्हतं. हे टोचायला म्हणत नाही. तुमचा हक्क शब्दांवर आहे, चालीवर नाही, हे भावाला आधीच उमगलेलं बरं. नोटिशीत "गीत-संगीत आमचं" असं लिहाल तर समोरचा वकील पहिल्या उत्तरातच ते खोडून काढेल आणि शब्दांवरचा तुमचा पक्का हक्कही उगाच डळमळीत दिसेल. फक्त शब्द मागा, ते पूर्णपणे तुमच्या आप्पांचे आहेत.

गाणं यूट्यूबवरून उतरवण्याचा अर्ज फुकट भरता येतो; तो आप्पांनी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या माणसानं भरायचा. पण उतरवलं तर काय होईल, याचा विचार करा. लाखो लोकांपर्यंत पोचलेलं त्यांचं एकमेव गाणं नाहीसं होईल. खाली लोकांनी लिहिलेलं सगळं जाईल. आप्पा म्हणतात "भांडू नका", त्यामागे ही भीतीही असेल.

माझं मत विचाराल तर त्या गायकाला आधी तुम्ही स्वतः फोन करा. भावाला करू देऊ नका, त्याचा आवाज चढेल. कडव्याचा फोटो पाठवा आणि साधं सांगा: हे गाणं माझ्या वडिलांचं आहे, ते हयात आहेत, तुमचा आवाज त्यांनी ऐकला. गीतकार म्हणून त्यांचं नाव शीर्षकात आणि खाली टाका. व्हिडिओचं शीर्षक आणि मजकूर बदलायला चॅनेलवाल्याला काही मिनिटंही लागत नाहीत. त्यापुढे जाऊन विचारा की हेच गाणं चारही कडव्यांसह, आप्पांना समोर बसवून पुन्हा गाल का? अशी पुष्कळ तरुण पोरं आपल्या जुन्या गीतकारांना भेटायला धावत येतात, कारण त्यांनाही आपल्या मागे कुणीतरी आहे हे दाखवायचं असतं. गाण्यातून त्याला उत्पन्न होत असेल तर वाटा किती, हे दुसऱ्या भेटीत बोला. पहिल्या फोनमध्ये फक्त नाव.

तो ऐकला नाही, फोन कापला, ब्लॉक केलं, तर मात्र गप्प बसू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ लेखकाला दोन गोष्टी देतं: ही कृती माझी आहे असं म्हणण्याचा हक्क, आणि तिची मोडतोड करून आपल्या लौकिकाला बाधा आणली तर दाद मागण्याचा हक्क. कॉपीराइट विकला तरी हे हक्क लेखकाकडेच राहतात. नाव असलेलं कडवं कापणं ही मोडतोडच आहे, असं वकील मांडू शकतो. तेव्हा भावाची नोटीस उपयोगी पडेल. मी तिच्या विरोधात नाही, ती आधी नको एवढंच.

आता त्या ५१,००० रुपयांकडे येते. ताई, या कागदावर सही होऊ देऊ नका. साडेचारशे गाणी धरली तर एका गाण्याला सव्वाशे रुपयेही पडत नाहीत. गाण्यावरचा हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे तुम्ही जे विकणार आहात ते तुमच्या नातवंडांच्या काळापर्यंतचं आहे. शिवाय "सर्व हक्कांसह" हे दोन शब्द पुरेसे नसतात. हक्क देण्याचा करार लेखीच हवा आणि त्यात कोणती गाणी, कोणते हक्क, किती वर्षं, कोणत्या प्रदेशात, मानधन किती हे स्पष्ट लिहिलेलं हवं, असं कलम १९ सांगतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर गाण्याचं रेकॉर्डिंग कुणीही काढलं तरी त्याच्या रॉयल्टीतला गीतकाराचा वाटा करारानं काढून घेता येत नाही. समोरच्याला हे ठाऊक असेल किंवा नसेल, तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे. आणखी एक, हा करार तुम्ही किंवा भाऊ करूच शकत नाही. गाणी आप्पांची आहेत. सही त्यांची, आणि म्हणून निर्णयही त्यांचा.

त्या गृहस्थांचा हेतू चांगला असेल तर त्यांना उलट विचारा: दहा गाणी घ्या, पाच वर्षांसाठी, गीतकाराचं नाव प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक गाण्याचे वेगळे पैसे आणि उत्पन्नात वाटा. तयार झाले तर चांगलं. सगळ्या वह्याच हव्यात असं म्हणाले तर त्यांना काय हवंय ते कळलंच. कोणत्याही परिस्थितीत मूळ वही घराबाहेर जाऊ द्यायची नाही. "झेरॉक्स काढून उद्या आणून देतो" म्हणून गेलेल्या वह्या परत न आल्याच्या गोष्टी या क्षेत्रात घरोघरी ऐकायला मिळतात.

औषधांच्या पैशांसाठी दुसरा रस्ता आहे. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठी मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची. पन्नाशी ओलांडलेल्या, निदान पंधरा वर्षं कलेत घालवलेल्या आणि उत्पन्न कमी असलेल्या कलावंताला महिन्याला ५,००० रुपये मिळतात. निवड जिल्ह्याची समिती करते, तेव्हा पंचायत समितीत जाऊन चौकशी करा. उत्पन्नाच्या दाखल्याबरोबर कलेचे पुरावे लागतात: जुनी पत्रकं, निमंत्रणपत्रिका, बॅनरचे फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणं, सत्काराची प्रमाणपत्रं. पेटीत वह्यांखाली हे सगळं असणार. नसलं तर आप्पांच्या पार्टीतले ढोलकीवाले, कोरसवाले, ज्या गावांत गायले तिथली जयंती मंडळं यांच्याकडे विचारा. कुणाच्या ना कुणाच्या भिंतीवर फोटो सापडेल. हेच कागद उद्या गीतकार म्हणून हक्क सांगतानाही कामाला येतील.

कॉपीराइटची नोंदणी करावी का, असंही तुम्ही विचारलंय. नोंदणीनं हक्क तयार होत नाही. गाणं लिहिलं त्या दिवशी तो तयार झाला. नोंदणी हा फक्त पुरावा असतो. हवी असेल तर साहित्यकृतीसाठी ५०० रुपये शुल्क आहे आणि पुस्तिका काढलीत तर ती एक कृती म्हणून नोंदवता येते, साडेचारशे अर्ज भरत बसायला नको. पैसे जपून वापरायचे असतील तर माझा कौल पुस्तिकेला. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर गाण्यांच्या छोट्या पुस्तिका कशा हातोहात खपतात, ते आप्पांना ठाऊकच असेल. बत्तीस पानी, तीस-चाळीस निवडक गाणी, प्रत्येकावर चाल, खाली पूर्ण कडवी, आणि मुखपृष्ठावर आप्पांचं नाव. छापील तारीख हा पुरावाही होतो आणि गाणं नावासकट हिंडायलाही लागतं.

त्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर आप्पांनी सही करून असं काही लिहावं, असं मी सुचवते:

"ही गाणी मी लिहिली आहेत. कार्यक्रमात, जयंतीत, विहारात कुणीही गावीत, मला विचारायची गरज नाही. गाताना गीतकार म्हणून माझं नाव घ्यावं आणि शेवटचं कडवं गाळू नये. रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर किंवा बाजारात आणायचं असेल तर आधी मला किंवा माझ्या घरच्यांना कळवून लेखी बोलणं करावं."

एवढ्यात आप्पांचा "समाज" राहतो, भावाचा हक्क राहतो आणि तुमची काळजीही बऱ्यापैकी मिटते. पण शब्द आप्पांचे असू द्या. त्यांना यातलं काही मान्य नसेल, एखादं वाक्य जास्त वाटलं, तर खोडू द्या.

आणि ज्या कामाला खरोखर वेळ थोडा आहे, ते वह्यांचं नाही. वह्यांत शब्द आहेत, पण गाणं आप्पांच्या गळ्यात आहे. कोपऱ्यात नुसतं सिनेमाच्या गाण्याचं नाव लिहिलंय. ती चाल त्यांनी कुठे मोडली, कुठे ठाय, म्हणजे संथ, घेतली, कोरसनं कुठल्या शब्दावर उचलायचं, मध्ये कुठला शेर टाकायचा, हे कागदावर कुठेच नाही. दम पुरत नसला तरी दोन ओळी गुणगुणता येतात. रोज सकाळी, तब्येत बरी असेल तेव्हा, पंखा बंद करून मोबाईल त्यांच्या समोर ठेवा. एका वेळी एकच गाणं. आधी त्यांना बोलू द्या: हे कधी लिहिलं, कुणासाठी, कुठल्या गावात पहिल्यांदा गायलं, पेटीवर कोण होतं. मग धृपद आणि एक कडवं, जमेल तेवढं. थकले की थांबा. जुना ढोलकीवाला जवळपास असेल तर त्याला बोलवा; ठेका पडला की विसरलेल्या ओळी परत येतात, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. यात चहापाण्यापलीकडे खर्च नाही. तुमच्या शाळेतली एखादी मुलगी मदतीला बसवलीत तर तिलाही काही मिळेल.

वह्यांचे फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा. मुखपृष्ठ, कोरी पानं, समासातल्या तारखा, उधारीचे हिशोब, सगळं घ्या. कुठलं गाणं कधीचं हे पुष्कळदा त्या हिशोबांवरूनच लागतं. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, त्यानं कागद कायमचा जातो. फोटोंची एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या गावातल्या नातलगाकडे ठेवा. पुढे मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीसारख्या ठिकाणी किंवा जवळच्या विद्यापीठाच्या मराठी विभागात विचारून पाहा. मात्र तिथेही द्यायची ती प्रतच.

ज्यांचे वडील, आजोबा, आई गाणी लिहून केव्हाच गेले, अशा वाचकांचीही पत्रं अधूनमधून येतात. त्यांना सांगते: हक्क वारसांकडे येतो, सगळ्या वारसांकडे मिळून. म्हणून भावाबहिणींनी आधी आपसात बोलून एकाला लेखी अधिकार द्यावा, मग बाहेरच्याशी बोलावं. घरातच दोघांनी दोघांना परवानगी दिली की प्रकरण चिघळतं. आणि जे स्वतः गातात, त्यांना एक विनंती. गाणं उतरवून घेताना "हे कुणाचं?" एवढं विचारा आणि जे नाव मिळेल ते वहीत टिपून ठेवा. पूर्ण गाणं वेळेत बसत नसेल तर मधलं कडवं गाळा, शेवटचं ठेवा.

ताई, आप्पांना विचारायचा प्रश्न मात्र "नोटीस पाठवू का?" हा नाही, तो विचारून झाला आणि उत्तरही मिळालं. साडेचारशे गाण्यांपैकी कोणती दहा आपल्या नावानं राहिलीच पाहिजेत, ते त्यांना विचारा. रेकॉर्डिंग त्या दहांपासून सुरू करा. एप्रिलच्या आत पुस्तिका काढायची असेल तर छपाईवाल्याकडे जानेवारीत जावं लागेल. त्यानंतर त्यांच्याकडे जयंतीच्या पत्रकांची गर्दी असते.